खिरीतली पाल

“आज्जी खिरीत पाल घातलं.”

एवढंच बोलली माझी मीनू, स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, आणि मी जी ओरडले ती कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत गेली म्हणतात, तो बिचारा इस्त्री कुणाच्या तरी वेष्टीवर, म्हणजे धोतरावर, तशीच ठेवून पळत आला. संक्रांतीचा दिवस, बाहेर गल्लीभर पोंगल, दारोदार ऊस बांधलेले, आणि आमच्या हॉलमध्ये केळीच्या पानांच्या दोन रांगा. पहिल्या रांगेत घरातली सगळी पोरं, आणि पोरांच्या पानावर सगळ्यात आधी खीर, कारण संक्रांतीची खीर आधी पोरांना हा आमच्या आत्याबाईंचा कायदा. कुणी चाटत होतं, कुणी बोटानं ओढत होतं. आणि माझी पोरगी ओठावर पांढरी मिशी घेऊन सांगते की आजीनं खिरीत पाल घातली. पाल! भिंतीवरची! मला पुढचं काही दिसेना. मी धावत सुटले, पोरांची पानं उलटी केली, मीनूच्या तोंडात बोट घातलं, ती मला चावली, मी रडले, मग ती रडली, आणि सासूबाई देवघरातून “काय झालं, काय झालं” करत आल्या त्या त्याच खिरीवरून घसरल्या.

थांबा. असं मधूनच सांगायला लागले तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधी आत्याबाई सांगायला पाहिजेत.

पापनाशमच्या आत्याबाईंइतकं संशयी माणूस कावेरीच्या ह्या काठाला नाही आणि त्या काठाला असेल असं मला वाटत नाही. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या वडिलांची थोरली बहीण. पापनाशमला एकट्या राहतात, आणि दर संक्रांतीला आमच्याकडे तंजावूरला येतात, कारण संक्रांतीचा स्वैपाक माहेरच्या चुलीवर करायचा असं त्यांचं आहे, आता चूल जाऊन गॅस आला तरी. घरची सगळी त्यांच्या हातची खीर खायला चेन्नै, त्रिची कुठून कुठून येतात. आणि मी म्हणजे ह्या घरची धाकटी सून, ओरत्तनाडूची, आठवीपर्यंत शिकलेली, ती पण तमिळ शाळेत. ही अक्षरं मला वडिलांनी घरी पाटीवर गिरवून शिकवली, तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. आत्याबाई मला नावानं कधी हाक मारत नाहीत. “ए ओरत्तनाडू” म्हणतात. जसं काही सगळं गावच मी डोक्यावर घेऊन आलेय.

तर त्यांचा संशय. पहिला संशय मिठावर. येताना पिशवीत मिठाची बरणी घेऊनच येतात. “तंजावूरचं मीठ खारट नसतं,” म्हणतात. मी म्हटलं, आत्याबाई, पुडी तीच आहे हो, पापनाशमला पण हीच मिळते. त्यावर माझ्याकडे असं पाहिलं की मीच समुद्रात पाणी घातलंय. मग नारळ. नारळवाल्याकडे गेल्या की प्रत्येक नारळ कानाला लावतात, डोळे मिटतात, आणि हलवतात. एवढ्यानं भागलं तर बरं, मग तो नारळवाल्याच्या कानाला लावतात. “ऐक. आत पाणी बोलतंय का? हे रडतंय.” तो माणूस आता आत्याबाई दिसल्या की स्वतःच कान पुढे करतो. कुकरवर संशय, कारण आमचा कुकर आत काही शिजलं नसतानाही शिट्टी मारतो म्हणे, नुसती फसवायला. मिक्सरवर तर फार. तीळ मिक्सरमध्ये वाटले की करंटाची चव लागते. एकदा मी गुपचूप मिक्सरला लावले आणि पाट्यावर नुसते पसरून ठेवले, वर थोडं पाणी शिंपडलं. आत्याबाईंनी चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, “बिल किती येतं गं तुमचं?”

फोनवरच्या घरच्या ग्रुपमध्ये चेन्नैच्या जाऊबाईंनी पोळ्यांचा फोटो टाकला होता. जाऊबाई म्हणजे माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, काही झालं की आधी फोनमध्ये बघते आणि मग घाबरते. मी आधी घाबरते. सगळ्यांनी त्या फोटोला हात जोडले, फुलं टाकली. आत्याबाईंना फोन वाचता येत नाही, मी दाखवला. त्यांनी फोन नाकाशी धरला, दूर धरला, उलटा धरला. “घरच्या पोळीची कड अशी गोल नसते. ही विकतची. ताट तेवढं घरचं.” आणि निघाली विकतचीच! अक्कानं नंतर हसत हसत कबूल केलं, पण त्या दिवसापासून तिच्या मनात आत्याबाईंविषयी जे बसलं ते बसलं. तुम्हाला पुढे कळेल म्हणून सांगून ठेवते.

आणि खीर. नव्या तांदळाची, मुगाच्या डाळीची, गूळ घातलेली, आणि दूध म्हणाल तर नुसतं नारळाचं, हातानं खवून, हातानं पिळून काढलेलं. गाईच्या दुधाची खीर ही आत्याबाईंच्या मते खीरच नव्हे. “ते बाळंतिणीला द्यावं नाहीतर दुखणेकऱ्याला. जेवायला बसलेल्या माणसाला दूध कसलं पाजता?” असं भर पंक्तीत म्हणायच्या, आणि ज्यांच्या घरी तशी होते त्यांच्याकडे बघून म्हणायच्या. खिरीची कृती विचारली की सांगतात, सगळं सांगतात, पण नेमक्या ठिकाणी नळ सोडतात. अक्कानं एकदा फोनमध्ये त्यांचं बोलणं भरून घेतलं. घरी जाऊन ऐकलं तर, “मग गूळ विरघळला की लगेच—” आणि पुढे नुसती बादली भरल्याचा आवाज.

खीर करायची वेळ आली की सगळ्यांना बाहेर काढून दाराला आतून कडी. वर दाराला स्टूल टेकवायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मला हे खटकायचं. मी मुळातच भित्री, मला ट्यूबलाइट फडफडली तरी वाटतं काहीतरी होणार. बंद दारामागे माणूस काय करतं? आणि स्वैपाक करणारं माणूस? माझ्या मनात काय काय यायचं. ह्यांना म्हटलं तर हे हसायचे. “तुझं आणि आत्याचं चांगलं जमेल गं. तू तिच्यावर संशय घे, ती तुझ्यावर घेते. जगाला सुट्टी.”

त्या बंद दाराच्या आत फक्त एकच माणूस जायचं, ते म्हणजे माझी मीनू. कारण मीनू बोलत नव्हती. तीन वर्षं पुरी झाली तरी पोरीच्या तोंडून शब्द नाही. सगळं कळायचं, चप्पल आण म्हटलं की आणायची, तमिळमध्ये सांगा, मराठीत सांगा, पण बोलायचं म्हणजे नुसतं ऊं. डॉक्टर म्हणाले घरात दोन भाषा आहेत, वेळ लागतो, थांबा. थांबा म्हणायला काय जातं? मी रोज तिला भिंतीकडे बोट दाखवून शिकवायची, हे बघ घड्याळ, ही बघ पाल, हा बघ देवबाप्पा. सकाळी खाली दूधवाला सायकलवरून “पाल, पाल” ओरडत आला की ती भांडं घेऊन माझ्यामागे यायची. आपल्या महाराष्ट्रातल्या माणसांना सांगते, तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत पाल म्हणजे भिंतीवरची, आणि उंबऱ्याच्या बाहेर पाल म्हणजे दूध. आमची जीभ आपोआप वळते, कधी विचार करायला लागत नाही. पण हे सगळं मला आज सुचतंय. त्या दिवशी कुठलं सुचायला!

आत्याबाई मीनूला मांडीवर घेऊन म्हणायच्या, “घरात एक हीच शहाणी. ऐकते सगळं, सांगत काही नाही.” कुणाची पोर बोलत नाही ह्यात कुणाला आनंद होतो का? मला वाटायचं ही बाई माझ्या पोरीवर काही करते तर नाही ना. हो, वाटायचं. मनात आलं ते लिहिते.

आणि गेल्या संक्रांतीला आत्याबाई आल्या त्या उजवा हात पदराखाली घेऊनच. बसमधून उतरल्या, हात पदरात. चहा घेतला डाव्या हातानं! आत्याबाई, आणि डाव्या हातानं! देवाला नमस्कार केला तोही पदराआडून. मी सासूबाईंना कानात म्हटलं, त्यांच्या मुठीत काहीतरी आहे. सासूबाई म्हणाल्या, “गप गं, थंडी आहे.” आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी जरा धुकं पडतं, माणसं कानाला मफलर गुंडाळतात आणि ऊन आलं की घाम पुसतात. त्या थंडीत मुठीत काय धरायचं असतं? मी सकाळपासून त्या पदरावर डोळा ठेवून होते. त्या स्वैपाकघरात गेल्या, मीनूला आत घेतलं, कडी लागली, स्टूल सरकलं. मी दाराला कान लावला. आत कुजबुज. आत्याबाई कुजबुजतायत! ज्यांचा आवाज पापनाशमहून फोन न करता ऐकू यावा त्या कुजबुजतायत, आणि ऐकणारी कोण तर न बोलणारी पोर. थोड्या वेळानं दार उघडलं, खिरीचं पातेलं बाहेर आलं, नैवेद्य झाला, पोरांना वाढलं. आणि मग मीनू उंबऱ्यात आली आणि बोलली.

आता समजलं ना तुम्हाला मी कां ओरडले ते?

पुढे नुसता गोंधळ. अक्कानं फोन काढला, “पाल विषारी असते का बघते, थांबा, नेट स्लो आहे,” आणि मग एकदम “अय्यो, हे वाचू नका कुणी” म्हणून फोन छातीशी धरला. सासूबाई कंबर धरून पोरांना मिठाचं पाणी पाजायला लागल्या, आणि पाणी पाजलं म्हणूनच दोघं ओकली, ती ओकली म्हणून सगळ्यांची खात्री पटली. हे खाली जाऊन गाडी सुरू करून उभे. इस्त्रीवाला दारात, त्याला काही कळलेलं नाही, पण तोही “आस्पत्री, आस्पत्री” म्हणतोय. अक्कानं पळी घेऊन खीर ढवळली आणि पळी वर काढली तर तिच्यावर काळपट, लांब, वाकडं काहीतरी. “शेपूट!” अक्का किंचाळली आणि पळीसकट ते खिडकीतून बाहेर.

आणि आत्याबाई? स्वैपाकघरात पाटावर बसून. हात पदराखाली. ज्या बाईला मिठाबद्दल बोललेलं खपत नाही, तिच्यावर सगळं घर पालीचा आळ घेतंय आणि ती हूं का चूं करत नाही. मी मीनूला काखेत घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

“पोरीला काही होणार नाही,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

त्यांनी पदर आणखी ओढून घेतला.

“कशावरून म्हणून विचारतेय मी, आत्याबाई!” मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मीनूकडे पाहिलं, आणि असं पाहिलं, जसं आपलं माणूस साक्ष द्यायला उभं राहिलं आणि उलटलं.

मागून अक्का म्हणाली, “बघितलंस? बोलायला तोंड आहे का? माझ्या पोळीची कड दिसते ह्यांना, खिरीतली पाल दिसत नाही.”

हे खालून ओरडले, “अगं आण पोरीला!” मी मीनूला अक्काच्या कडेवर दिलं आणि पाणी घ्यायला माठाकडे वळले. माठाजवळ नारळाच्या करवंट्या होत्या, एकावर एक पालथ्या घातलेल्या, आणि मला वाटलं पाल ह्यातूनच आली असणार, म्हणून चिमट्यानं वरची करवंटी उचलली. आत पाल नव्हती. दुधाच्या पाकिटांची कव्हरं होती. धुतलेली, घडी घालून बारीक केलेली, करवंटीच्या पोटात दाबून बसवलेली. दुकानातलं पाकीट दूध. शेजारी अर्धा नारळ, त्याच्यावर खवणी कशीतरी चाललेली, इथे खोल, तिथे नुसतं खरवडलेलं, लहान पोरानं खवावा तसा. आणि खवणीला चिकटलेली कापडाची एक चिंधी.

मी मागे वळले. आत्याबाईंच्या पदराखालून हात बाहेर आला होता. त्यात काही नव्हतं हो. नुसता हात होता. बोटं वाकलेली, पसरेनात अशी, अंगठ्याला चिंधी बांधलेली, आणि तो थरथरत होता, त्या दुसऱ्या हातानं तो दाबून धरायला बघत होत्या. त्या हातानं काय नारळ पिळणार?

आणि मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. खीर गुळाची, तांबडी. मीनूच्या ओठावर मिशी पांढरी. आणि पोरगी पाल “घातलं” म्हणाली. पाल “घातली” नाही, “घातलं”. तिनं दूध म्हणून सांगितलं होतं. आयुष्यातलं पहिलं वाक्य बोलली माझी पोर, ते अगदी शुद्ध आणि खरं बोलली, आणि मी तिच्या तोंडात बोट घातलं.

खालून गाडीचा हॉर्न. हॉलमध्ये सगळं घर. मी नुसतं म्हटलं असतं, पाल नाही हो, दूध आहे, पाकिटाचं, हे बघा कव्हर, तर सगळा गोंधळ तिथल्या तिथे मिटला असता. पण अक्का मीनूला घेऊन अजून हॉलमध्येच उभी होती आणि तिच्या हातात फोन होता. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यात संशय नव्हता. भीती होती. ती मला लगेच ओळखू आली, माझीच तर आहे ती, रोज आरशात बघते.

मी कव्हरं कमरेला खोचली, वर पदर घेतला आणि बाहेर आले.

“भिंतीवर होती,” मी म्हटलं. “पाल. खिडकीच्या वर. मीनू ती बघून बोलली. खिरीत काही नाही.”

“आणि ते शेपूट?” अक्का.

“खोबऱ्याचा काप. तुपात तळलेला. आत्याबाई घालतात की दरवर्षी.”

“मग ती ‘घातलं’ कां म्हणाली?”

आता आली का पंचाईत! मी सरळ पातेल्यातून टंबलर भरला आणि सगळ्यांसमोर खीर पिऊन टाकली. कोमट होती, गोड, आणि इतकी चांगली, इतकी दाट, जशी मी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी खातेय अगदी तशी. अर्धी गळ्यावर सांडली. तोंड पुसून मी म्हटलं, “तिला काय कळतंय अक्का, घातली का घातलं का पडली. पोर आज पहिल्यांदा बोलतेय!”

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मीनू बोलली! सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. हे गाडी तशीच फुरफुरत ठेवून वर आले, “परत बोल, परत बोल” करत मीनूला हवेत उडवायला लागले. इस्त्रीवाल्याला कुणीतरी खीर दिली. त्याला एव्हाना आपली इस्त्री आठवली असावी, तो एका घोटात पिऊन पळाला. त्या सगळ्या गलक्यात आत्याबाई उठल्या, उंबऱ्यात आल्या, मीनूकडे बघून म्हणाल्या, “बोलायला लागली होय? बरं झालं. आता बाहेर बसवत जा तिला.”

सगळे हसले. मी नाही हसले.

आता एक मात्र सांगते, कुणाला बोलू नका. आमच्या स्वैपाकघरात ट्यूबलाइटच्या मागे एक पाल कायम असते. मीनूला मी तीच दाखवून शिकवायची. संक्रांतीनंतर बरेच दिवस ती दिसली नाही. मग एक दिवस दिसली, आणि तिला शेपूट नव्हतं. आणि अक्कानं खिडकीतून फेकलं ते मी काही हातात घेऊन बघितलं नव्हतं. पालीचं शेपूट असंच तुटतं म्हणतात, स्वतःहून, आणि परत येतं. असेलही. कुणाला काही झालं नाही. पण मी अजून खोबऱ्याचा काप दिसला की तो आधी पानाच्या कडेला काढते आणि हलतो का बघते.

यंदा आत्याबाईंना बस झेपली नाही, हे जाऊन गाडीतून घेऊन आले. दोन्ही हात पदराखाली. मिठाची बरणी ह्यांच्या मांडीवर. आल्या आल्या कुणाला ओळख दिली नाही, स्वैपाकघराच्या दारात गेल्या आणि तिथून हाक मारली, “ए ओरत्तनाडू. आत ये.” सगळं घर बघत राहिलं. अक्का तर बघतच राहिली. मी आत गेले, कडी मी लावली, स्टूल मी सरकवलं, आणि आत्याबाई त्या स्टुलावर बसल्या.

“हात धुतलेस?”

“धुतले.”

“परत धू.”

मी नारळ खवला, त्या बघत होत्या, एक कण खाली पडला तरी जिभेनं चक् करत होत्या. मी पिळलं, पहिलं दाट, मग दुसरं, मग तिसरं. भरपूर निघालं. माझे हात अजून तरणे आहेत. गूळ विरघळला की लगेच काय करायचं तेही मला दिसलं, पण ते मी लिहिणार नाही, इथे नळ सोडला असं समजा. मध्येच मी विचारलं, “आत्याबाई, मीनूला तुम्ही दूध कां नाही म्हणालात? पाल कां म्हणालात?”

“दूध म्हटलं असतं तर दाराला कान लावणाऱ्यांना कळलं असतं,” त्या म्हणाल्या. “पाल म्हटलं की माणसाला वाटतं भिंतीवरची असेल.”

“वाटली होती की.”

त्या हसल्या नाहीत, पण स्टूल जरा हललं.

नैवेद्य झाला. पूर्वीची, खरी, नुसत्या नारळाच्या दुधाची खीर, आत्याबाईंची आई करायची तशी. पानं मांडेपर्यंत सासूबाईंनी एक चमचा प्रसाद म्हणून घेतला, जिभेवर फिरवला, आणि म्हणाल्या, “चांगली आहे हो. पण यंदा दरवर्षीसारखी नाही. काहीतरी कमी आहे.” अक्कानं घेतली. “हो गं. ती चव नाही.” हेही म्हणाले.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. किती वर्षं घालतायत त्या, कुणाला ठाऊक. मी लग्न होऊन यायच्या आधीपासून असणार. सगळ्या घराच्या जिभेवर तीच चव बसली, आणि ती बंद दारामागे, कुणाला न सांगता, वाकत चाललेल्या बोटांनी बसवलेली. थोड्या वेळानं मला जवळ बोलावून कानात म्हणाल्या, “जा. एक पाकीट घेऊन ये. पदराखालून.” आणि मी निघाले तेवढ्यात माझा पदर धरून, फार हळू, “पुढच्या वर्षी आधीच आणून ठेव. मी असले नसले तरी.”

मीनू माझ्यामागे आलीच. आता ती थांबत नाही, सकाळपासून झोपेपर्यंत बोलते, मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवते. दुकानातून पाकीट घेतलं, पदराखाली पोटाशी धरलं, गार गार, आणि झपाझप परत येत होते तर कोपऱ्यावर, इस्त्रीवाल्याच्या गाडीशी, अक्का उभी. कुठे गेली होतीस, म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत मीनूनं माझा पदर ओढला आणि खणखणीत आवाजात विचारलं, “अम्मा, आज्जी खिरीत परत पाल घालणार?”

अक्का माझ्याकडे बघतेय. इस्त्रीवाल्यानं इस्त्री वर धरलीय. पाकिटाचं पाणी माझ्या साडीवरून खाली ठिबकतंय. आत स्टुलावर आत्याबाई वाट बघतायत, पानं मांडलेली आहेत, आणि माझी पोर, जिच्या एका शब्दासाठी मी तीन वर्षं देवाला धरून बसले होते, ती उत्तराची वाट बघतेय. तिला खोटी पाडू, का आत्याबाईंना? तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हटलं असतं?